संगणकाची बेगमी किती वर्षांची करावी?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला सुरक्षेचे नियमित अपडेट देणे थांबवले, तेव्हा जुने संगणक वापरणाऱ्या अनेकांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली. जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आलेला इंटेलचा कोअर आय-७ ७७००के हा घरगुती संगणकांसाठीच्या त्या पिढीतला सर्वांत वरचा प्रोसेसर, म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप, होता, आणि ‘आता कित्येक वर्षे बघायला नको’ या हिशेबाने लोकांनी तो जास्तीचे पैसे मोजून घेतला होता. विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत त्याला जागा नाही. एप्रिल २०१८ मध्ये आलेला सेलेरॉन जी४९०० हा त्याच कंपनीचा अगदी तळाचा प्रोसेसर मात्र त्या यादीत आहे. वेगात पहिला दुसऱ्याच्या कितीतरी पुढे आहे. तरीही उंबरठ्याबाहेर राहिला तो पहिलाच.

नवा संगणक घ्यायला निघालेल्या माणसाला हमखास पडणारा प्रश्न या उदाहरणाने नीट मांडता येतो. आजची कामे भागतील असे परवडणारे यंत्र घ्यावे, की थोडी ओढाताण करून वरच्या दर्जाचे घ्यावे आणि आठ-दहा वर्षे निश्चिंत व्हावे? माझे मत पहिल्या पर्यायाकडे झुकते, पण त्याला काही ठळक अपवाद आहेत, आणि खरी गंमत त्या अपवादांतच आहे.

सरपण आणि बर्फ

जाहिरातींत ‘फ्यूचर-प्रूफ’ हा शब्द वारंवार भेटतो. पुढे कधीतरी लागेल अशी क्षमता आजच विकत घेऊन ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आपण त्याला बेगमी म्हणू. पावसाळ्यासाठी रचून ठेवलेले सरपण चार महिन्यांनीही तेवढीच ऊब देते, म्हणून त्याची बेगमी शहाणपणाची ठरते. संगणकातली वापराविना पडून राहिलेली क्षमता मात्र बर्फाच्या लादीसारखी असते. यंत्रात ती तेवढीच राहते, परंतु तेवढीच क्षमता बाजारात कमी पैशांत मिळू लागल्यामुळे तिचे मोल दर महिन्याला थोडे थोडे वितळत जाते.

दुसरी उपमा वाढत्या अंगाच्या कपड्यांची आहे. मुलाला दोन बोटे मोठा सदरा शिवणे योग्य, कारण मूल कोणत्या दिशेने वाढणार हे ठाऊक असते. पुढच्या वर्षी त्याला तिसरा हात फुटेल, असे कोणी गृहीत धरत नाही. संगणकाच्या जगात अधूनमधून नेमके तेच होते, आणि दोन बाह्यांचा सदरा कितीही ऐसपैस शिवलेला असला तरी तिसऱ्या हाताला त्याचा काही उपयोग नसतो.

शेवटच्या पायरीचे पैसे

किमतीची चढण सरळ नसते, ती वर जाता जाता उभी होत जाते. चिप कशा तयार होतात हे पाहिले की याचे एक कारण कळते. सिलिकॉनच्या एकाच तबकडीवर एकाच आराखड्याच्या शेकडो चिप कोरल्या जातात. प्रोसेसरच्या पोटात स्वतंत्रपणे काम करणारे जे भाग असतात त्यांना कोअर म्हणतात. काही चिपांचे सगळे कोअर निर्दोष निघतात, तर काहींतला एखादा सदोष असतो. तो बंद करून ती चिप खालच्या नावाने विकली जाते. सर्वांगाने उत्तम उतरलेल्या चिपा थोड्या, त्या हव्या असणारे उत्साही लोक पुष्कळ, आणि म्हणून वरच्या टोकाला किंमत दुप्पट होते तेव्हा वेग फार तर पाव-अर्ध्या पटीने वाढलेला असतो.

साधा हिशेब मांडून पाहू. मध्यम दर्जाच्या यंत्राची किंमत १०० धरू आणि अगदी वरच्या यंत्राची २५०. मध्यम यंत्र पाच वर्षे समाधानाने चालले, तर वर्षाचा खर्च २० पडला. वरच्या यंत्राने तेवढ्याच खर्चात परवडायचे असेल, तर त्याला साडेबारा वर्षे खणखणीत चालावे लागेल. शिवाय मध्यम यंत्र घेणाऱ्याने पाच वर्षांनी पुन्हा १०० घालून नवे मध्यम यंत्र घेतले, तर त्याच्या हाती अजून ५० शिल्लक असतात आणि दहापैकी शेवटची पाच वर्षे तो नव्या पिढीच्या यंत्रावर, नव्या वॉरंटीसह काम करतो.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. पडद्यावरची दृश्ये रेखाटण्याची आकडेमोड जो भाग करतो त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. एन्व्हिडियाचे आरटीएक्स २०८० टीआय हे २०१८ मधले, संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठीचे सर्वांत वरचे कार्ड होते. ऑक्टोबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०७० आले. त्याचा वेग साधारण तेवढाच होता आणि जाहीर किंमत जुन्याच्या जाहीर किमतीच्या निम्मी. न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की त्यानंतरच्या टंचाईत ते नवे कार्ड जाहीर किमतीला कित्येक महिने मिळालेच नाही आणि जुने कार्डवाले काही काळ गालातल्या गालात हसत होते.

‘पण आता संगणक लवकर म्हातारे होत नाहीत ना?’

हा आक्षेप खरा आहे, मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष बहुतेक जण उलटा काढतात.

इंटेलचा पेंटियम प्रोसेसर १९९३ मध्ये ६० मेगाहर्ट्‌झवर सुरू झाला आणि मार्च २००० मध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीच्या अ‍ॅथलॉनने १,००० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे १ गिगाहर्ट्‌झ गाठला. सात वर्षांत घड्याळाचा वेग, म्हणजे प्रोसेसरच्या सेकंदाला पडणाऱ्या ठोक्यांची संख्या, सोळा-सतरा पट वाढली. त्या काळात चार वर्षांचा संगणक खरोखरच म्हातारा दिसे. पुढे २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्‌झच्या आसपास उष्णतेची भिंत आडवी आली. २०२३ मध्ये घरगुती प्रोसेसर ६ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोचले, म्हणजे एकोणीस वर्षांत दुप्पटही नाही. दरम्यान कोअर वाढले, प्रत्येक ठोक्यात होणारे काम वाढले, विजेचा खर्च घटला. परंतु पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रफिती पाहणे, इंटरनेटवर फिरणे या कामांना गेल्या दशकातल्या मध्यम प्रोसेसरलाही धाप लागत नाही.

आता यावरून काय ठरते? यंत्रे हळूहळू म्हातारी होत असतील, तर मध्यम यंत्रही पुष्कळ टिकते, आणि मग जास्तीचे पैसे घालून मिळवायचे काय, असा प्रश्न उभा राहतो. जानेवारी २०११ मधला कोअर आय-७ २६००के किती वर्षे चालला याच्या कथा जुने जाणकार आजही सांगतात. त्याचा स्वस्त धाकटा भाऊ आय-५ २५००के याचेही चार कोअर होते आणि बहुतेक घरांत तोही जवळपास तितकाच चालला. थोरल्या भावाचे प्रत्येक कोअरवर एकाच वेळी दोन कामे पेलण्याचे कसब शेवटच्या काही वर्षांत काही खेळांमध्ये उपयोगी पडले, हे खरे. तेवढ्यासाठी सहा-सात वर्षे आधीच पैसे गुंतवून ठेवायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

यंत्र दमत नाही, नियम बदलतात

चांगले चालणारे संगणक आजकाल निकामी ठरतात ते बहुतेक वेळा बाहेरच्या कुणीतरी नियम बदलल्यामुळे. ७७००केचे उदाहरण वर आलेच आहे. अशी आणखी तीन उदाहरणे पाहू.

मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, आणि सॉकेट म्हणजे तिच्यावरची प्रोसेसर बसवण्याची चौकट. ‘आज चांगला मदरबोर्ड घे, दोन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदल’ हा सल्ला फार लोकप्रिय आहे. इंटेलचा एलजीए ११५१ हा सॉकेट २०१५ मध्ये आला. ऑक्टोबर २०१७ मधल्या आठव्या पिढीच्या सॉकेटचे नावही तेच आणि त्यातल्या टोकांची संख्याही तीच होती. जुन्या मदरबोर्डवर मात्र त्या पिढीचे प्रोसेसर चालणार नाहीत, असे कंपनीने ठरवले. उलट एएमडीच्या एएम४ सॉकेटचे नशीब थोर निघाले. २०१७ मधल्या पहिल्या मदरबोर्डांवर २०२० मधले रायझन ५००० मालिकेचे प्रोसेसर बसवण्याची अधिकृत सोय २०२२ मध्ये मिळाली. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की मे २०२० मध्ये खुद्द कंपनीनेच, जुन्या मदरबोर्डांना ही सोय मिळणार नाही, असे जाहीर केले होते आणि ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात मधल्या पिढीच्या मदरबोर्डांपुरती माघार घेतली होती. जे बनवणाऱ्याला ठाऊक नव्हते, ते २०१७ मध्ये विकत घेणाऱ्याला कोठून ठाऊक असणार?

दुसरे उदाहरण ताजे आहे. एनपीयू हा कृत्रिम बुद्धिमत्तेची आकडेमोड कमी विजेत करणारा, चिपमधला स्वतंत्र भाग होय. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने असा भाग असलेले कोअर अल्ट्रा प्रोसेसर आणले आणि ‘एआय पीसी’ म्हणून त्यांचा मोठा गाजावाजा झाला. अवघ्या पाच महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस’ संगणकांची अट जाहीर केली: एनपीयूने सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया केल्या पाहिजेत. डिसेंबरमधल्या चिपांची एनपीयू-क्षमता त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढी होती. भविष्यासाठी म्हणून घेतलेले यंत्र त्या भविष्याच्या पहिल्याच फाटकावर अडले.

तिसरे उदाहरण अ‍ॅपलचे. डिसेंबर २०१९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारा मॅक प्रो विक्रीला आला. तो व्यावसायिकांसाठीचा, कंपनीचा सर्वांत महागडा संगणक होता. जून २०२० मध्ये कंपनीने आपण इंटेल सोडून स्वतःच्या चिपकडे वळत असल्याचे सांगितले. नोव्हेंबरमध्ये एम१ चिपचा मॅकबुक एअर आला, आणि कंपनीच्या या सर्वांत स्वस्त लॅपटॉपने, एका वेळी एकच काम करण्याच्या वेगात तरी, मॅक प्रोला मागे टाकले. अनेक कोअर एकत्र लागणाऱ्या कामांत मॅक प्रो पुढेच होता, पण जून २०२५ मध्ये ‘टाहो’ ही इंटेलवर चालणारी शेवटची मॅकओएस आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने सांगितले, तेव्हा त्या बलदंड यंत्राच्याही आयुष्याची हद्द आखली गेली.

या तिन्ही ठिकाणी जास्तीच्या पैशांनी वेग मिळाला. जो नियम पुढे बदलणार होता, त्यापासून संरक्षण मात्र कोणत्याही किमतीला विकत मिळत नव्हते.

मग जास्तीचा पैसा कुठेच घालू नये काय?

जरूर घालावा, पण दोनच ठिकाणी: जे पहिल्या दिवसापासून वापरात येणार आहे तिथे, आणि जे नंतर बदलता येणार नाही तिथे.

माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी टेबलावरचा संगणक जुळवताना ‘पुढे दुसरे ग्राफिक्स कार्ड जोडू’ म्हणून मी गरजेच्या जवळपास दुप्पट ताकदीचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, आणि दोन कार्डे बसतील असा मदरबोर्ड घेतला. मध्यंतरी साफसफाईसाठी कॅबिनेट उघडले, तर दुसऱ्या कार्डाच्या खाचेत धुळीची करडी वात बसली होती आणि एसएमपीएससोबत आलेल्या जास्तीच्या वायरी प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेल्या, जशाच्या तशा कोपऱ्यात पडून होत्या. दोन कार्डे जोडून खेळ चालवण्याची पद्धतच दरम्यान मोडीत निघाली. मी मात्र तीच रक्कम पडद्यावर घातली असती, तर इतकी वर्षे रोज सात-आठ तास डोळ्यांना तिचा उपयोग झाला असता.

पडदा, कीबोर्ड, खुर्ची यांना पिढ्या नसतात. चांगला पडदा तीन संगणकांना पुरतो. एसएमपीएसही ताकदीने अवाढव्य नको, पण दर्जाने चांगला हवा, कारण तो बिघडला तर एकटा जात नाही.

माहिती साठवायला हार्ड डिस्क की एसएसडी, हा प्रश्न आता जुना झाला असला तरी त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या चकतीवर ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा पुढे-मागे सरकतो, आणि हव्या त्या जागी पोचायला त्याला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. म्हणजे विखुरलेल्या मागण्या सेकंदाला शंभरच्या आसपासच पुऱ्या होतात. एसएसडीत हलणारे काहीच नसते आणि अशा मागण्या ती सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते. संगणक सुरू होताना नेमक्या अशाच मागण्यांचा पाऊस पडतो, म्हणून हा बदल कोणालाही जाणवतो. त्याच्या पुढची पायरी मात्र फसवी आहे. सेकंदाला ७,००० मेगाबाइट देणाऱ्या एसएसडीऐवजी १४,००० देणारी घेतली, तर अवाढव्य फायली रोज हलवणारा माणूस सोडून इतरांना फरक कळणारही नाही.

आणि रॅम. चालू कामाचे सामान मांडून ठेवण्याची ही जागा. कामाचे टेबलच म्हणा. टेबल लहान असेल तर प्रत्येक कागदासाठी कपाटाकडे उठून जावे लागते, मग माणूस कितीही चपळ असो. डेस्कटॉपमध्ये रॅमच्या खाचा असतात. कड्या दाबल्या की पट्टी निघते, नवी ‘टक्’ आवाज करून बसते. पुष्कळशा पातळ लॅपटॉपांत मात्र रॅम मदरबोर्डवर डाख देऊन कायमची बसवलेली असते. तिथे आज घेतली तेवढीच शेवटपर्यंत. म्हणून लॅपटॉप घेताना प्रोसेसरची एक पायरी खाली उतरावी आणि तो पैसा रॅमकडे वळवावा, असे मी आग्रहाने सांगेन. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान रॅम ८ गिगाबाइटवरून १६ वर नेली, तेव्हा ज्यांनी थोड्याच महिन्यांपूर्वी ८ वर समाधान मानले होते त्यांना पुढे वाढवण्याचा मार्गच नव्हता.

‘तहान लागल्यावर विहीर खणायची का?’

२०२५ च्या अखेरीला हा आक्षेप जोरात ऐकू येऊ लागला, आणि तो साधार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महाकाय केंद्रांसाठी स्मृतीच्या चिपांची मागणी इतकी वाढली की घरगुती ग्राहकांसाठीच्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन या मोठ्या उत्पादकाने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला ‘क्रुशल’ हा घरगुती व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. ‘रॅम काय, पुढे वाढवू’ म्हणणाऱ्यांचे त्या वेळी हाल झाले आणि आधीच दुप्पट रॅम घेऊन ठेवलेले दूरदर्शी ठरले.

तथापि रॅमचे भाव यापूर्वीही चढले आणि उतरले आहेत. २०१७ मध्ये ते चढले होते, २०१९ मध्ये उतरले. चढत्या भावाच्या आधी खरेदी झाली हा नशिबाचा भाग आहे, आणि नशिबावर सगळ्या यंत्राची आखणी करता येत नाही. रॅमच्या बाबतीत थोडे सैल मोजावे, ही सवलत मी देतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डापर्यंत ती ताणू नये.

परवडणारे आणि तळाचे यांत फरक आहे

इथवर वाचून कोणी सर्वांत स्वस्त लॅपटॉप उचलणार असेल, तर थांबावे. विंडोज ११ ची किमान अट ४ गिगाबाइट रॅम आणि ६४ गिगाबाइट साठवण एवढी आहे, आणि बरोबर तेवढेच असलेली यंत्रे विकली जातात. अशा यंत्रात मोठा अपडेट उतरवून घ्यायलाही मोकळी जागा पुरत नाही. ब्राउझरच्या पाच-सहा खिडक्या उघडल्या की ते घोगऱ्या गळ्याने चालू लागते. किमान अट म्हणजे दाराची उंची असते. वाकून कसेबसे आत येता आले, तरी घरभर वाकून राहणे कोणाला जमणार?

दुसऱ्या टोकाला, चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय रचना किंवा मोठे प्रोग्राम रोज तयार करणारे लोक असतात. त्यांनी महागडे यंत्र अवश्य घ्यावे. दर तासाला वाचणारी दहा मिनिटे त्यांना आजच मिळतात, त्यामुळे ती बेगमी नाहीच.

कचऱ्याचा प्रश्न

दर पाच वर्षांनी यंत्र बदलले तर कचरा वाढेल, ही शंका मला सर्वांत वजनदार वाटते. मात्र मध्यम यंत्र घेणे म्हणजे ते पाच वर्षांनी फेकणे नव्हे. एसएसडी आणि रॅम बदलून त्याला नवी उमेद देता येते. विंडोजने दार लावले तरी लिनक्स या मोफत कार्यप्रणालीचे दार उघडे असते, आणि वर उल्लेखलेला ७७००के लिनक्सवर आजही निवांत चालतो.

यंत्राचे आयुष्य वाढवायचे असेल, तर खोक्यावरच्या गिगाहर्ट्‌झपेक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार ही तारीख आधी शोधावी. गुगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमबुकना, म्हणजे आपल्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपांना, दहा वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले, पण ही दहा वर्षे आपण खरेदी केल्या दिवसापासून मोजली जात नाहीत, ती मॉडेल ज्या मूळ रचनेवर बनले ती बाजारात आल्यापासून धरतात. तीन-चार वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेतले, तर सवलतीबरोबर आयुष्यातली तेवढी वर्षेही वजा होतात.

खरेदीआधी एक गोष्ट मात्र घरीच करून पाहावी. सध्याच्या संगणकावर नेहमीची सगळी कामे उघडून, ऐन गर्दीच्या वेळी, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि पाच मिनिटे आलेख बघत बसावे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर प्रोसेसरची रेघ बहुतेक वेळ पंधरा टक्क्यांच्या खालीच लोळत होती, आणि मेमरीची रेघ ९४ टक्क्यांवर छताला टेकली होती. मी नवे यंत्र शोधण्याऐवजी रॅमची एक पट्टी मागवली.